कुंडीखालचा जोड

"आजी, नेट ढगातून येतं, म्हणून तुझ्याकडे पावसात जातं," असं परवा धाकटीने मला ऐकवलं, आणि थोरल्याने शेजारून मान डोलावली. तुमच्या शाळांना मी नावं ठेवणार नाही, पण हे वाक्य मला दोन दिवस टोचत होतं. ढगातून काही येत नाही, मुलांनो. तुमचे चेहरे माझ्या टेबलावर येतात ते आमच्या फाटकाजवळच्या खड्ड्यातून, केसाएवढ्या बारीक काचेतून. ती काच ज्या माणसाने हाताने जोडली, त्याला त्याच कामावरून काढून टाकण्यात आलं, आणि त्यात माझाही दोष आहे. तो लपवायचा नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे.

लाइनवरची माणसं त्यांना उस्ताद म्हणत, मीही तेच म्हणेन. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचे. घरातले सगळे समुद्रावर, हे एकटे तरुणपणी मस्कतला गेले आणि वाळवंटात केबल टाकायला शिकून परत आले. साठीचे असतील. बुटके, मेंदी लावलेली दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि उकाडा कितीही असो, बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. काचेचे कण बाहीत शिरू नयेत म्हणून. खिशात एक चिमटा आणि चिकटपट्टीचं वेटोळं. फोन म्हणाल तर साधा बटणांचा. "एवढं नेट जोडता आणि स्वतः वापरत नाही?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हलवाई कधी पेढे खातो काय वो बाई?"

पहिल्या भेटीतच आमचं भांडण झालं. नेट फार हळू चालतं, अशी तक्रार मी केली होती आणि तिच्यासाठी उस्ताद घरी आले होते. घरातली केबल मी स्वतः लावून घेतलेली. लोंबणाऱ्या वस्तू मला चालत नाहीत, हे तुम्ही जाणताच. दाराच्या चौकटीला धरून, प्रत्येक कोपऱ्यात काटकोनात दुमडून, जागोजागी चाप मारून आणि उरलेली केबल घट्ट गुंडाळून, रबर लावून, मी ती अशी बसवली होती की येणारे-जाणारे कौतुक करत. उस्तादांनी भिंतीकडे पाहिलं आणि पिशवी खाली टाकली.

"हे कुणी केलं?"

"मी," मी जरा अभिमानानेच म्हटलं.

"एवढ्या शिकलेल्या तुम्ही! वैर होतं काय तिच्याशी? गळा आवळलात की!"

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. "वायरच आहे ती," मी म्हटलं. ही दुसरी चूक. उस्तादांसमोर वायर हा शब्द काढायचा नसे. "वायरीत करंट असतो. ह्यात उजेड आहे. ही काच आहे, बाई, काच!" असं म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, माझ्या परवानगीशिवाय पडदे ओढले, आणि पेनाएवढी एक बॅटरी केबलच्या टोकाला लावली. खोलीत अंधार होता. माझ्या त्या नीटनेटक्या भिंतीवर, प्रत्येक काटकोनात, एकेक लाल थेंब पेटला. मी मोजले, नऊ होते. रबर लावलेलं वेटोळं तर निखाऱ्यासारखं दिसत होतं.

"बगा. जिथं जिथं तुमची शिस्त, तिथं तिथं गळती," उस्ताद म्हणाले.

मला इतका राग आला की मी त्यांना चहा विचारला नाही. त्यांनी चाप उपटले, केबल मोठ्या सैल वळणांनी लावली आणि माझी भिंत विद्रूप करून निघून गेले. नेट मात्र पळायला लागलं, हे मान्य करणं भाग आहे.

उजेड का गळतो, हे त्यांनी मला पुढे समजावलं. काही दिवसांनी आमच्या फाटकाजवळच्या खड्ड्यात नवी केबल जुनीला जोडायची होती. मांडवीच्या किनाऱ्याकडून वारा भणाणत होता आणि वाऱ्यात बारीक वाळू. उस्तादांनी सरळ माझ्या जेवणाच्या टेबलाचा ताबा मागितला. केबलचं टोक खड्ड्यातून उचलून व्हरांडा ओलांडून टेबलापर्यंत आणलं. एवढी लांब कशी पोचली, म्हणून मी विचारलं. तर दर खड्ड्यात वीस वीस मीटर जादा केबलचं वेटोळं ते मुद्दाम ठेवत. "पुढं कधी तुटली तर जोडणाऱ्याला चिखलात बसायला नको. चांगल्या घरात नेऊन जोडता यावी." हे वेटोळं लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

टेबलावर काळं कापड अंथरलं. पंखा बंद. मला हुकूम झाला, चालायचं नाही. समोरच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, तर त्यांना उस्तादांनीच उंबऱ्यावरून परतवलं. काचेची दोन टोकं सरळ कापायची, पुसायची, यंत्रात समोरासमोर धरायची. मग एक बारीक ठिणगी पडते आणि दोन्ही टोकं वितळून एक होतात. धुळीचा एक कण मधे आला, तरी उजेडाच्या वाटेत डोंगर. प्रत्येक जोडानंतर यंत्र सांगतं, उजेड किती वाया गेला. आकडा जरा जास्त दिसला की उस्ताद जोड तोडून पुन्हा करत. "आता चालेल की," असं त्यांचा मदतनीस एकदा म्हणाला. उस्तादांनी मान वर न करता उत्तर दिलं, "चालेल म्हणजे लंगडत चालेल."

कापलेले तुकडे ते चिकटपट्टीवर टिपत आणि मोजत. बारा जोड आणि पुन्हा केलेले दोन, म्हणजे अठ्ठावीस तुकडे. त्या दिवशी सत्तावीसच भरले. उस्तादांनी माझी फरशी गुडघ्यांवर बसून बॅटरीने धुंडाळली, अठ्ठाविसावा तुकडा टेबलाच्या पायाशी सापडला तेव्हा कुठे उठले. "तुमच्या पायात गेला असता, तर दिसला पण नसता," असं म्हणत सगळे तुकडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातले, बूच लावलं, हात धुतले. मग चहा घेतला. तो मी ह्या वेळी न विचारता केला होता.

चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "विहिरीत बुडी मारलीत कधी?"

"लहानपणी. रोज."

"खालून वर बघितलंत?"

"डोळे मिटून घ्यायचो आम्ही."

"तिथंच चुकलात."

पाण्याखालून सरळ डोक्यावर पाहिलं, तर आभाळ दिसतं, माडाचा शेंडा दिसतो. पण नजर तिरकी केली की वरचं पाणी आरसा होतं. बाहेरचं काही दिसत नाही, विहिरीच्याच पायऱ्या त्यात उलट्या दिसतात. म्हणजे पाण्यातला उजेड हवेच्या कडेला फार तिरका आपटला की त्याला बाहेर पडता येत नाही, तो परत पाण्यात फिरतो. काचेच्या केसाचं तेच. आत एक काच आणि तिच्याभोवती किंचित वेगळ्या जातीची दुसरी. आतला उजेड कडेला तिरका आपटतो, परत आत येतो, दुसऱ्या कडेला आपटतो. असा आपटत आपटत तो मुंबई गाठतो आणि समुद्राखालून तुमच्याकडे येतो. दमला तर वाटेत त्याला जोर देणारी यंत्रं असतात. पण काच काटकोनात दुमडली की तो तिरका राहत नाही, समोरून आपटतो आणि बाहेर सांडतो. माझ्या भिंतीवरचे ते नऊ थेंब.

हा नियम मला मॅट्रिकला होता. आकृतीसकट पाठ केला होता, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. विहीर आमच्या परसात होती. शाळेत एकाही मास्तराला आम्हाला "बुडी मारा आणि डोळे उघडे ठेवा" असं सांगावंसं वाटलं नाही, ह्याचा मला ह्या वयात संताप येतो.

"पण नुसत्या उजेडात माझी नात कशी मावते?" मी विचारलं.

"आमचे आजे तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमात. अंधारात किनारा दिसायचा नाय, दीपगृह दिसायचं. पण कुठलं? उजेड तर सगळ्यांचे सारखेच. मग बघायचं, किती वेळ पेटतो, किती वेळ विझतो. प्रत्येकाची चाल वेगळी. उजेड, अंधार, उजेड, अंधार, एवढ्यावर आजे सांगायचे, हे रत्नागिरी, ते जयगड. तुमची नात पण तशीच येते. तिचा चेहरा म्हणजे आकडे, आणि आकडे म्हणजे उजेड आहे, उजेड नाय. फरक एवढाच, की दीपगृह सावकाश मिचकावतं, आणि हा एका सेकंदात अब्जावधी वेळा. आणि डोळ्याला दिसत नाय. म्हणून टोकात डोळा घालायचा नाय कधी!" हे शेवटचं ते माझ्यावर ओरडलेच, कारण मी वाकून पाहत होते.

संध्याकाळी त्यांनी जोड डब्यात बंद केला, डबा आणि वेटोळं खड्ड्यात उतरवलं, झाकण बसवून कडेने सिमेंट फिरवलं. मला ते बोडकं झाकण फाटकाशी बरं दिसेना, म्हणून मी त्यावर शेवंतीची मोठी कुंडी ठेवली. उस्ताद म्हणाले, "ठेवा. पहारेकरी झाला."

आता ज्याच्यावर मी मुख्यतः चिडले आहे, तो माणूस. केबल पुरायचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि त्याचा सुपरवायझर घाटावरून आलेला, गोड बोलणारा तरुण होता. उस्ताद त्याच्याच हाताखाली. केबल छातीएवढी खोल जायला हवी. पण आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा दगड लागतो, आणि जांभा फोडायला वेळ लागतो, घाम लागतो. म्हणून जिथे कुणी बघत नाही, तिथे हे लोक हातभर खणून केबल टाकत आणि वरून माती ओढत. उस्तादांकडे लाल खुणा केलेली एक सळई होती. ती ते चरात उभी करून बघत आणि सगळ्यांसमोर सुपरवायझरला म्हणत, "काय साहेब, अळू लावताय?" दोनदा त्यांनी चर पुन्हा खणायला लावला. तिसऱ्यांदा त्यांना बोलावलंच नाही.

आणि एक दिवस नेट गेलं. सगळ्या आळीचं. उस्ताद आले, खालच्या चौकातल्या पेटीशी त्यांनी त्यांचं यंत्र लावलं. हे यंत्र काचेतून उजेडाचा एक ठोका सोडतं. तुटल्या जागी तो आपटून परत येतो, आणि यायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर सांगतं. अंतर आलं तीनशे चाळीस मीटर. उस्ताद सुपरवायझरला म्हणाले, "ही काच मोजलेली आहे, रस्ता नाय. मधल्या दोन खड्ड्यांत मिळून माझी चाळीस मीटरची वेटोळी आहेत, एक बाईंच्या फाटकाशी, एक माडाखाली. ती वजा करा. रस्त्याने तीनशेवर खणा."

"नकाशात वेटोळी नाहीत, उस्ताद."

"नकाशा काढणाऱ्याने घातली नाय म्हणून. मी घातलीत."

मी फाटकात उभी राहून हे ऐकलं होतं. हे मी ऐकलं होतं, हे विसरू नका. मग उस्तादांना जयगडच्या कामावर पाठवण्यात आलं, आणि ते गेल्यावर सुपरवायझरच्या माणसांनी बरोब्बर तीनशे चाळीसवर खणलं. तिथे केबल धडधाकट! "म्हाताऱ्याचं यंत्र पण म्हातारं झालं," असं म्हणून सगळे हसले. तीनशेवर मात्र कुणी कुदळ लावली नाही. का, ते पुढे कळेल.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर माझ्या व्हरांड्यात येऊन बसला. कोकमाचं सरबत घेतलं, दुसरा पेला मागितला. आमच्या आळीत कुणालाही इंग्रजी अर्ज लागला की तो माझ्याकडे येतो. पासपोर्ट, विमा, मुलाची फी, सगळे अर्ज मी लिहिले आहेत आणि माझा नियम ठरलेला आहे, की मजकूर तुमचा, इंग्रजी माझं. मी चौकशा करत नाही.

"बाई, रहिवाशांतर्फे एक पत्र द्या की. वर ऑफिसला गेलं म्हणजे उद्या लाइन चालू."

धाकटे, त्या रविवारी तुझा वाढदिवस होता. मला तो केक कापताना बघायचा होता. मी पेन काढलं.

त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. फाटकाजवळच्या खड्ड्यातला जोड सदोष निघाला. जोडणाऱ्याने चुकीचं अंतर सांगून सगळ्यांची दिशाभूल केली. त्यामुळे तीन दिवस रहिवाशांचे हाल झाले. भाषा अशी ठाशीव झाली, की मलाच आवडली. खाली मी सही केली. दुसऱ्या दिवशी नेट आलं, तू फुंकर मारलीस, मी इकडे टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने उस्ताद दारात उभे. हातात पिशवी नव्हती.

"बाई, पत्र तुमचं?"

मी हो म्हटलं.

"ऑफिसातल्या साहेबांनी वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. एक नंबर पत्र! मला पण पटलं. म्हटलं, असा माणूस ठेवूच नये कामावर." ते खरोखर हसत होते. "यंत्र काढून घेतलं, पास घेतला. जोड फेल गेला म्हटल्यावर आता दुसरीकडे पण कोण उभं करणार? माझं काय वो, घरात खायला मासळी आहे. पण माझा जोड फेल गेला नाय, एवढं सांगायला आलो. तुमची कुंडी हलली होती काय?"

मुलांनो, मी जिथे बसून ते पत्र लिहिलं, तिथून ती कुंडी मला समोर दिसते. आतला जोड सदोष निघाला, हे बघायला झाकण उघडायला हवं. झाकण उघडायला कुंडी हलवायला हवी. ती जागची हलली नव्हती. कडेचं सिमेंट शाबूत होतं. दारातला पेपर तिरका पडला तर मला कळतं, आणि हे मला दिसलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं.

उस्ताद म्हणाले, "चला, दाखवतो." मी छत्री घेतली, शिवणाची फीत घेतली आणि त्यांच्याबरोबर चालत गेले. रस्त्याने तीनशेवर, चढावर, मातीत जेसीबीच्या दात्यांचे ओरखडे होते. ठेकेदाराच्याच यंत्राने रस्त्याची कड साफ करताना हातभर खोलीवरची केबल ओरबाडून तोडली होती. मागाहून कुणी तरी ती तिथेच जोडून, काळी पट्टी गुंडाळून, वर माती लोटली होती. पायाने माती सारली तरी केबल दिसत होती. मी वाकून फीत लावली. चौदा इंच.

म्हणजे सुपरवायझरला तुटल्याची जागा पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्याची चोरी उघडी पडू नये म्हणून एका माणसाचा हात वाईट ठरवला गेला. आणि ठरवला गेला तो माझ्या सुंदर इंग्रजीत.

मी ऑफिसात गेले. साहेबांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मॅडम, तक्रार तर तुमचीच आहे." मी म्हटलं, ती मी मागे घेते. तर म्हणे, फाइल बंद झाली, लेखी द्या, बघू. त्यांच्या टेबलाची काच फोडावी, असं मला वाटलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी असं वाटणं शोभत नाही, पण वाटलं.

घरी येऊन मी दोन पानी पत्र लिहिलं. ह्या खेपेला ते पाठवण्याआधी, ज्याच्याविषयी आहे त्यालाच वाचून दाखवायचं ठरवलं. मिरकरवाड्यात उस्ताद भावाच्या ट्रॉलरजवळ बसून जाळं सांधत होते. बाह्या तशाच बटण लावून बंद.

"मासळीच्या वासात कशाला आलात वो?"

"ऐका," मी म्हटलं, आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले.

"'घोर अन्याय' म्हणजे किती? मोजता येतो?"

"नाही."

"मग खोडा."

"'जिल्ह्यातले सर्वोत्तम कारागीर'..."

"जिल्ह्यातले सगळे जोड बघितलेत तुम्ही? खोडा."

"'सुपरवायझरने जाणूनबुजून'..."

"त्याच्या मनात शिरला होतात? खोडा."

"उस्ताद, मला राग आलेला आहे!"

"राग तुमचा आहे, बाई. घरी ठेवा. ऑफिसला कशाला?"

शेजारी बर्फ फोडणारा पोऱ्या हसायला लागला, त्याला मी एक नजर दिली. शेवटी दोन पानांतून चार वाक्यं उरली. फाटकाजवळचा खड्डा आजतागायत उघडलेला नाही. केबल रस्त्याने तीनशे मीटरवर तुटली होती. तिथे तिची खोली चौदा इंच आहे. माझं आधीचं पत्र मी काहीही न पाहता लिहिलं होतं.

"ते शेवटचं पण खोडा," उस्ताद म्हणाले. "तुमचं नाव खराब होईल."

"नाही," मी म्हटलं. "हे मोजलेलं आहे."

त्यांनी पुन्हा जाळ्यात मान घातली.

पत्र रजिस्टरने पाठवलं. दोन महिने होऊन गेले, पोचपावतीपलीकडे उत्तर नाही. मी दर सोमवारी अकरा वाजता ऑफिसात जाऊन बसते. आता मला कुणी खुर्ची देत नाही, मी आपली आपण ओढून घेते.

खोडलेली दोन पानं मात्र मी फाडली नव्हती. राग घरी ठेवा असं ते म्हणाले, आणि घर म्हणजे तुम्हीच. म्हणून त्यातलं सगळं तुम्हाला इथे उतरवून पाठवते आहे, अन्याय आणि सर्वोत्तम ह्या शब्दांसकट. उस्तादांना हे वाचून दाखवणार नाही. अर्धं खोडायला लावतील.